रविवारी दादरला नाटक : कर्जतहून जाऊन-येऊन दोघांचा दिवस कसा आखावा?

उल्हासकाठ

नमस्कार मंडळी. एका रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारी ४ चा प्रयोग बघायचा आहे. आम्ही नवराबायको दोघंच, कर्जतहून लोकलने जायचं आणि त्याच रात्री परत. तिकिटं धरून दोन हजारांत बसवायचंय. माहिती हवी ती अशी : तिकीट खिडकीवर काढावं की ऑनलाइन, रांगा कुठल्या घ्याव्या, मेगाब्लॉकचं काय करायचं, आणि सकाळपासून ४ पर्यंतचा वेळ कुठे घालवायचा. बायकोचे गुडघे जिने उतरताना त्रास देतात, तेवढं धरून सांगा.

तिसरी_घंटा

आधी नाटक, मग खुर्ची, मग गाडी, या क्रमाने जा. गाडी ठरवून निघालेले लोक दादरला पोचून हाउसफुल्लचा बोर्ड वाचतात.

पेपरात नाटकांच्या जाहिरातींची चौकट येते, त्यात प्रयोगाच्या तारखेखाली बारीक अक्षरात तिकीटविक्री कुठल्या वारापासून ते दिलेलं असतं. त्या दिवशी प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, बुकिंगला उघडतो. नाव असलेल्या नटांचं नवं नाटक असेल तर मधला पट्टा पहिल्या दिवशीच जातो, उरतात त्या कडेच्या खुर्च्या आणि बाल्कनी. शंभर-दीडशे प्रयोग झालेल्या नाटकाला मात्र दोन दिवस आधीही बऱ्या जागा मिळतात. दर साधारण ३०० ते ५०० धरा, तगडी नावं असतील तर त्याहून वर. तुमच्या दोन हजारांत आरामात बसतं.

कर्जतहून खिडकीसाठी खेप घालण्यात अर्थ नाही, ऑनलाइनच काढा. बुक माय शो किंवा तिकिटालय. एक लक्षात ठेवा, ऑनलाइन दिसतो तो सगळा प्लॅन नसतो. निर्माते काही रांगा खिडकीसाठी ठेवतात, काही ग्रुप बुकिंगवाल्यांना देतात. तेव्हा राखाडी दिसणारी खुर्ची विकली गेलीच असेल असं नाही. हवी ती रांग दिसत नसेल तर जाहिरातीत फोन बुकिंगचा नंबर असतो, तिथे विचारा. फोनवर ठेवलेली तिकिटं ठरल्या वेळेपर्यंत उचलली नाहीत तर ती दुसऱ्याला देतात, आणि त्यावर वाद घालून उपयोग होत नाही.

रुळावरचा_रवी

गाडीचं मी सांगतो.

कर्जत ते दादर पावणेदोन ते दोन तास. मध्य रेल्वेचा रविवारचा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवणं, मुख्य मार्गावर साधारण ११ ते ४ असतो. कुठल्या पट्ट्यात, जलद मार्गावर की धिम्या, ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं. माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद असेल तर जलद गाड्या धिम्या रुळांवर वळवतात, मधली स्टेशनं घेत घेत येतात आणि दहा-पंधरा मिनिटं उशीर धरूनच चालावं लागतं. धिमा मार्ग बंद असेल तर उलट, धिम्या गाड्या जलदवर जातात आणि काही स्टेशनांवर थांबतच नाहीत. दादर दोन्हींत मिळतं, तेव्हा तुम्हाला फटका बसला तर तो वेळेचा आणि गर्दीचा. सकाळी साडेआठच्या आसपास कर्जत सोडलं की ब्लॉक लागायच्या आत दादर.

खरी भानगड कर्जतच्या बाजूला असते. कर्जत यार्डाचं काम किंवा पुलाचे गर्डर टाकायचे असले की कर्जतच्या गाड्या नेरळ नाहीतर बदलापूरपर्यंतच चालवतात. हा ब्लॉक नेहमीच्या मेगाब्लॉकच्या बातमीत नसतो, वेगळा जाहीर होतो. शनिवारी रात्री दोन्ही बातम्या बघा. फक्त 'मुख्य मार्गावर ब्लॉक नाही' एवढं वाचून झोपू नका.

उल्हासकाठ

धन्यवाद. यार्डाच्या ब्लॉकचं डोक्यातच नव्हतं. ४ चा प्रयोग सुटतो किती वाजता? आणि गुडघ्यांच्या दृष्टीने तिथल्या पायऱ्या?

विंगेतून

हल्ली बहुतेक नाटकं दोन अंकी. मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तास, म्हणजे साडेसहाला तुम्ही बाहेर. संगीत नाटक किंवा तीन अंकी असेल तर सात धरा. सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतातच.

शिवाजी मंदिरचं प्रेक्षागृह वर आहे. खाली दुकानं, चढून वर जायचं. बाल्कनी त्याहूनही वर, ती तुम्हाला बादच. बाल्कनी सोडून मुख्य प्रेक्षागृहातच पाचव्या ते अकराव्या रांगेतली, मधल्या पट्ट्यातली, वाटेलगतची खुर्ची घ्या. वाटेलगत अशासाठी की पाय जरा लांब करता येतो, आणि मध्यंतरात दहा जणांचे गुडघे चुकवत बाहेर पडावं लागत नाही.

पहिल्या दोन रांगांचा हट्ट धरू नका. रंगमंच उंच, मान वर ठेवून अडीच तास काढायचे. शिवाय पुढे सोफा नाहीतर टेबल असलं की मागच्या नटाचे पाय दिसतच नाहीत. कडेच्या खुर्च्यांचा दोष वेगळा. आपल्याकडे निम्म्या नाटकांत दिवाणखाना असतो, त्याच्या बाजूच्या भिंती तिरक्या लावलेल्या असतात. तुम्ही अगदी डाव्या कोपऱ्यात बसलात तर डाव्या भिंतीतलं दार तुम्हाला दिसत नाही. त्या दारातून कोणी आलं की सगळं थिएटर हसतं आणि तुम्ही शेजाऱ्याला विचारता काय झालं.

आवाजाचं असं की संवाद माइकवरून दोन्ही बाजूंच्या स्पीकरला जातात. कोपऱ्यातल्या पुढच्या खुर्चीवर एकच स्पीकर कानात ओरडतो. आणि मागे, बाल्कनीच्या छताखाली आवाज जरा दबतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी त्या शेवटच्या रांगा टाळाव्या.

ठाण्याची_ठमी

एक आगाऊ प्रश्न. कर्जतहून दादर कशाला? ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, समोर मासुंदा तलाव. कल्याणला आचार्य अत्रे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले. बरीच नाटकं तिथेही लागतात, येण्याजाण्यात मिळून तास-दीड तास वाचतो.

तिसरी_घंटा

ठमीताई, नुसतं नाटक बघायचं असतं तर मीही गडकरीच सांगितलं असतं. पण यांना अख्खा दिवस काढायचा आहे. डोंबिवलीचं फुले नाट्यगृह एमआयडीसीकडे, रिक्षाशिवाय गत्यंतर नाही आणि बाहेर पडल्यावर फिरायला काय आहे? दादरला थिएटरपासून चालत पुस्तकं, जेवण, समुद्र, मैदान सगळं. १९६५ पासून शिवाजी मंदिर तिथे उभं आहे आणि आजूबाजूचा बाजार नाटकाच्या वेळा ओळखून असतो.

ठाण्याची_ठमी

फिरायला तलावपाळी आहे की! पण ठीक, ठाण्याची बाजू मांडली, माझं काम झालं.

प्लाझासमोर

दादर स्टेशनवर उतरल्यावरचं लिहितो, कारण पहिल्यांदा येणाऱ्यांचा अर्धा तास तिथेच जातो.

फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ पासून सलग झालेत. १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य. 'दादर, फलाट १' अशी जुनी खूण कोणी सांगितली तर ऐकू नका. तुम्हाला पश्चिमेला बाहेर पडायचंय, म्हणजे पुलावरून पश्चिम रेल्वेचे सगळे फलाट ओलांडायचे. सरकते जिने आहेत, पण ते बहुतेक चढायचे. उतरायला साधाच जिना पुढ्यात येतो आणि वहिनींचा त्रास नेमका उतरण्याचा. तेव्हा लिफ्ट शोधून तीच धरा, पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

बाहेर आलात की कवी केशवसुत उड्डाणपुलाखाली फुलबाजार. गजरा घ्यायचा तर सकाळीच घ्या, पण नाटकापर्यंत टिकवायचा तर पानात बांधूनच पिशवीत ठेवा. तिथून न. चिं. केळकर रस्त्याने सरळ, प्लाझा सिनेमा दिसला की समोर शिवाजी मंदिर. आठ-दहा मिनिटांची चाल, पण रविवारी पदपथावर फेरीवाले आणि खरेदीवाले, त्यामुळे पंधरा धरा. दादरला रिक्षा नाही, टॅक्सीच. किमान भाडं ३१ रुपये, आणि एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले नाकं मुरडतात.

प्लाझाच्या जवळ वीर कोतवाल उद्यान आहे. हे भाई कोतवाल तुमच्याच भागातले, जन्म माथेरानचा, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कर्जतच्या माणसाने निदान पाटी बघून यावं.

खादाडखाऊ

जेवणाची वेळ चुकली तर नाटकात पेंग येते, म्हणून लिहितो. साडेबारा ते एक या वेळात टेबल मिळवा. दीडनंतर सगळीकडे नावं लिहून उभं राहायची पाळी, आणि पावणेतीनला भरपेट मासळी-भात खाऊन वातानुकूलित अंधारात बसलात की पहिला अंक गेलाच म्हणून समजा.

सकाळी दहा-साडेदहाला हलकं काहीतरी : शिवसेना भवनासमोर आस्वाद, तिथली मिसळ आणि थालीपीठ. किंवा प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष हे पेय असलं तरी पोटात जेवणाइतकं बसतं, दोघांत एक मागवा. दुपारी मालवणी हवं तर सिंधुदुर्ग किंवा चैतन्य, दोन्ही थिएटरच्या परिसरातच. दोघांचं सकाळचं आणि दुपारचं मिळून सहाशे-सातशेत होतं, पापलेट-सुरमई मागवली नाही तर.

आणि पोटात जागा ठेवा. शिवाजी मंदिरचा बटाटावडा मध्यंतरात खायचा असतो.

मध्यमवर्गीय_मांजर

तो वडा मिळेपर्यंत दुसरा अंक सुरू होतो हेही सांगा की.

विंगेतून

दोघं आहेत ना, कामं वाटून घ्या. मध्यंतर दहा मिनिटांचं जाहीर होतं, होतं पंधराचं. पडदा पडून दिवे लागायच्या आत लोक उठतात, तिथेच रांग ठरते. वाटेलगतची खुर्ची घेतलेला माणूस वड्याकडे, दुसऱ्याने बसून राहावं. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग मध्यंतरात सगळ्यात लांब असते, त्यासाठी प्रयोगाआधी पावणेचारलाच जाऊन यायचं. दुसरी घंटा झाल्यावर सगळ्यांना आठवतं.

तिसरी घंटा झाली की घोषणा, मग पडदा. उशिरा आलात तर अंधारात टॉर्चच्या उजेडात खुर्ची शोधायची, आणि चार पात्रांच्या नाटकात कोण कोणाचं कोण ते पहिल्या दहा मिनिटांतच सांगून झालेलं असतं. साडेतीनला दारात असा.

शाल किंवा ओढणी न्याच. ए.सी. थेट अंगावर येणाऱ्या जागा असतात आणि थंडीने गुडघे आखडतात. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवणंही पुरत नाही, खुर्चीच्या लाकडावर तो घरघरतो आणि सहा जण वळून बघतात. बंदच करा.

उल्हासकाठ

छान चाललंय. आता सकाळी अकरा ते साडेबारा आणि दोन ते साडेतीन, हे दोन तुकडे राहिले. समुद्र नाटकानंतर बघावा असं मनात आहे.

प्लाझासमोर

महिना कुठला त्यावर आहे. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा तुम्ही दुसऱ्या अंकात असाल. बाहेर येईपर्यंत अंधार. मे-जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, साडेसहाला सुटून चैत्यभूमीजवळच्या समुद्राकाठच्या गच्चीवर जाऊन सूर्यास्त सहज मिळतो. थिएटरपासून चालत वीसेक मिनिटं. वाटेत शिवाजी पार्कचा कट्टा आहे, तिथे बसत बसत जा.

थंडीच्या दिवसांत जाणार असाल तर क्रम फिरवा. सकाळी अकराला चैत्यभूमी आणि समुद्र, तिथून शिवाजी पार्क. रविवारी सकाळी एकाच मैदानात एकाच वेळी इतके सामने चालू असतात की कुठला चेंडू कोणाचा ते खेळणाऱ्यांनाच माहीत. दोन ते साडेतीन ऊन टाळायचं, तेव्हा रानडे रोडची खरेदी नाहीतर पुस्तकं. खरेदी करताना एवढं बघा की पिशव्या मांडीवर घेऊन नाटक बघायचंय. स्टीलचा डबा किंवा कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी नको.

भाविक_भास्कर

सिद्धिविनायक नाही का जमणार?

रुळावरचा_रवी

जमेल, आणि आता सोपं झालंय. भुयारी मेट्रो ३ वर दादरच्या पुढचंच स्टेशन सिद्धिविनायक. दादरचं मेट्रो स्टेशन सेनाभवनाच्या बाजूला आहे, रेल्वे स्टेशनात नाही, तेवढं ध्यानात घ्या. लिफ्ट असल्यामुळे गुडघ्यांना बरं. पण रविवारी दर्शनाची रांग किती चालेल ते सांगता येत नाही. जायचं तर सकाळी सगळ्यांत आधी जा आणि साडेअकराला कुठे आहात ते बघून रांग सोडायची तयारी ठेवा. देऊळ आणि समुद्र दोन्ही ४ च्या आधी कोंबू नका, एक घ्या.

उल्हासकाठ

प्रयोगानंतर कलाकारांना आत जाऊन भेटता येतं म्हणतात. ते कसं?

विंगेतून

मराठी नाटकात ती पद्धत आहेच. पडदा पडल्यावर दहा मिनिटं थांबा, मग रंगपटाकडे, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीकडे, जाणाऱ्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. बहुतेक सोडतात. मेकअप उतरवत असतील तर दारातच थांबायचं, फोटो विचारून काढायचा, दोन वाक्यं बोलून निघायचं.

दुपारच्या प्रयोगाची गोम अशी की त्याच मंडळींचा रात्री साडेआठचा प्रयोग ठाण्याला नाहीतर बोरिवलीला असू शकतो. मग पडदा पडताच कामगार नेपथ्य उतरवायला घेतात, फ्लॅट (नेपथ्याच्या सुट्या भिंती) आणि फर्निचर गाडीत चढवतात, नट तसेच बसमध्ये. अशा दिवशी कोणी भेटलं नाही तर रागवू नका. जाहिरातीच्या चौकटीत त्याच तारखेला दुसरा प्रयोग दिलाय का ते आधीच बघून ठेवा. त्या गडबडीत विंगेत घुसू नका, वरून खाली येणाऱ्या फ्लॅटखाली सापडाल.

रुळावरचा_रवी

परतीचं राहिलं. साडेसहाला सुटून थोडं फिरून आठ-साडेआठची कर्जत किंवा खोपोली धरा, दोन्ही चालतात. इंडिकेटरवर एस म्हणजे कर्जत, के पी म्हणजे खोपोली. एन कसाऱ्याची, ती कल्याणनंतर फुटते.

रविवारी रात्री दादरला चढून बसायला मिळणं कठीण. दोन तास उभं राहणं गुडघ्यांना परवडणारं नाही, म्हणून लोक उलटे सीएसएमटीला जाऊन तीच गाडी सुरुवातीपासून धरतात. तसं करणार असाल तर सकाळी परतीचं तिकीट दादरऐवजी थेट सीएसएमटीपर्यंतचं काढा, आणि संध्याकाळी दादर ते सीएसएमटीचं वेगळं काढा, कारण दादरला उतरलात की जाण्याचं तिकीट तिथेच संपतं. दादरपर्यंतच्या तिकिटावर मागे जाणं हा विनातिकीट प्रवास, तपासनीस सीएसएमटीच्या फलाटावरच उभे असतात. शेवटची कर्जत मध्यरात्रीनंतर असते, पण तिच्या भरवशावर जेवण लांबवू नका. ती चुकली तर पहाटेपर्यंत काही नाही.

पहिल्या वर्गाचं तिकीट काढायचं तर परतीच्या बाजूने काढा, सकाळी गरज नाही.

मध्यमवर्गीय_मांजर

तिकिटं ८००-१०००, खाणं ७००, वडे-चहा १००, रेल्वे, एखादी टॅक्सी. दोन हजारांत बसतंय. पहिला वर्ग घेतलात तर मात्र थोडं वर जाईल.

तिसरी_घंटा

प्रयोग रद्द होण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. नट आजारी पडला तर आदल्या रात्री किंवा त्याच सकाळीही रद्द होतो. ऑनलाइन तिकीट असेल तर निरोप येतो आणि पैसे काही दिवसांत खात्यात परत. खिडकीचं तिकीट असेल तर ते जपून ठेवायचं, त्याशिवाय पैसे मिळत नाहीत. कधी कधी तेच तिकीट पुढच्या तारखेला चालेल असं सांगतात, ते तुमच्यावर बंधनकारक नाही, पैसे मागा. कर्जत सोडण्याआधी एकदा ॲप उघडून प्रयोग दिसतोय ना ते बघा. बदली नट घेऊन प्रयोग केला तर मात्र परतावा साधारणपणे नसतो.

रुळावरचा_रवी

आणि पावसाळ्यात आखताय का तेही सांगा. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ला-शीवला रुळांवर पाणी, पण तुमचा धोका त्याआधीच, कर्जतकडच्या पट्ट्यात आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती बदलापूर-वांगणीच्या मध्ये, म्हणजे तुमच्याच मार्गावर. नाटक मंडळी थिएटरला पोचली असतील तर प्रयोग होतो, आणि तुमची गाडी अडकली म्हणून तिकिटाचे पैसे कोणी देत नाही. जुलै-ऑगस्ट सोडून तारीख बघा.

उल्हासकाठ

डिसेंबरातला दुसरा किंवा तिसरा रविवार बघतो मग. समुद्र सकाळी, सिद्धिविनायक पुढच्या खेपेला, तिकीट सीएसएमटीपर्यंतचं. प्लॅन उघडला की रांग कुठली मिळतेय ते इथे टाकतो, तेव्हा विंगेतून यांनी एकदा नजर घालावी.

विंगेतून

टाका. खुर्चीचा नंबरही लिहा, नुसती रांग नको. आणि नेपथ्य दिवाणखान्याचं आहे का तेही, जाहिरातीतल्या फोटोत दिसतं.